निवाड्यानंतर उरणारा हक्क

'संपादन' हा शब्द मराठीत मोठ्या मानाचा आहे. आपण विद्या संपादन करतो, यश संपादन करतो, लोकांचा विश्वास संपादन करतो. या प्रत्येक ठिकाणी काही कष्ट, काही पात्रता आणि पुष्कळदा समोरच्याची संमती गृहीत धरलेली असते. हाच शब्द जमिनीला जोडून आला की मात्र त्याचा अर्थ पालटतो. भूसंपादनात संमती असेलच असे नाही. नोटीस येते, मोजणी होते, निवाडा जाहीर होतो आणि सातबाऱ्यावरील नाव बदलते. रस्ता, रेल्वे, धरण, विमानतळ, उद्योग अशा कोणत्या ना कोणत्या कारणाने हा अनुभव आपल्या अनेक धर्मग्रामांतील घराण्यांना आला आहे, आणि आणखी कित्येकांना येणार आहे. अशा वेळी गावात चर्चा होते ती दराची. गुंठ्यामागे किती मिळाले, शेजारच्या गावाला किती दिले, वकिलाने किती घेतले, हेच विषय चार माणसे जमली की निघतात. ज्याचे पोट त्या जमिनीवर होते त्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटणे शक्य नाही. परंतु त्याच्या मागे एक अधिक खोल प्रश्न उभा आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जमीन गेली, पैसे मिळाले. त्यानंतर मूळ मालकाचा त्या जमिनीशी काही नैतिक संबंध उरतो काय? की निवाडा झाला, रक्कम जमा झाली आणि सारे संपले? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रारंभी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सार्वजनिक हितासाठी खाजगी जमीन घेण्याचा राज्यसंस्थेचा अधिकार हा मुळातच जुलूम आहे, असे म्हणता येणार नाही. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याने १६२५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या अधिकाराला नाव दिले. प्रजाजनांच्या मालकीच्या वर राज्याचे एक श्रेष्ठ स्वामित्व असते, असा त्या नावाचा आशय. मात्र हा अधिकार सार्वजनिक हितासाठीच वापरावा आणि ज्याची वस्तू घेतली त्याची भरपाई करावी, अशी अटही त्याने सोबतच घातली. ख्रिस्तसभेची शिकवणही मालकीहक्काला निरंकुश मानत नाही. माणसाने संपत्ती स्वतःची म्हणून सांभाळावी हे रास्त आहे, कारण स्वतःची वस्तू तो अधिक काळजीने जपतो आणि त्यामुळे तंटेही कमी होतात, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात प्रतिपादिले. पण तिचा उपयोग करताना ती सर्वांसाठी आहे हे ध्यानी ठेवून गरजवंताला वाटा द्यावा, असेही त्यांनी बजावले. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरूम नोवारुम' या परिपत्रकात खाजगी मालमत्तेचा हक्क निसर्गदत्त ठरविला. मजुरीतून काटकसर करून कामगाराने घेतलेली जमीन ही त्याच्या मजुरीचेच दुसरे रूप होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे पोप पॉल सहावे यांनी १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो'मध्ये स्पष्टच सांगितले की काही जमिनी अवाढव्य असल्याने, पडीक राहिल्याने किंवा लोकांच्या हलाखीला कारण होत असल्याने त्या काढून घेणे सार्वजनिक हितासाठी कधीकधी आवश्यक ठरते. प्रत्येक खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, या आशयाचे उद्गार पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ साली मेक्सिकोतील प्वेब्ला येथे काढले. आणि या सर्वांच्या आधी लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएलला बजावले आहे की भूमी त्याची आहे, माणसे तिथे पाहुणी म्हणून राहतात. तेव्हा 'माझी जमीन, तिला कोणी हात लावायचा नाही' या भूमिकेला बायबलचा आधार देता येत नाही.

तथापि याच बायबलमध्ये नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा आहे. राजे यांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. पण तो बारकाईने वाचला असता एक गोष्ट चकित करते. आहाब राजाने नाबोथापुढे ठेवलेला पहिला प्रस्ताव वाईट नव्हता. मळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा, किंवा हवे असल्यास रोख मोल, असे दोन पर्याय त्याने दिले. आजच्या भाषेत बोलायचे तर पर्यायी जमीन वा बाजारभावाने मोबदला. मग अन्याय कुठे झाला? पहिली गोष्ट म्हणजे हेतू. राजवाड्याला लागून भाजीचा मळा असावा, एवढीच राजाची गरज होती. प्रजेच्या हिताचा तीत लवलेशही नव्हता. दुसरी गोष्ट, नाबोथाचे कारण राजाला कारणच वाटले नाही. पूर्वजांचे वतन हा नाबोथाच्या दृष्टीने पैशात न मोजता येणारा ऐवज होता. तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. जे घडले ते कायद्याच्या चौकटीत घडवून आणले गेले. राजमुद्रेची पत्रे गेली, उपवास जाहीर झाला, सभा भरली, नियमशास्त्राप्रमाणे दोन साक्षीदार उभे राहिले. कागदोपत्री काही उणे नव्हते. तरीही एलिया संदेष्टा मळ्यात जाऊन राजापुढे उभा राहिला आणि खून करून ताबा घेतल्याचा आरोप त्याने परमेश्वराच्या नावाने केला. प्रक्रिया पूर्ण झाली म्हणून न्याय पूर्ण झाला असे होत नाही, हा या कथेचा पहिला धडा.

या कथेचा दुसरा धडा मिलानचे बिशप संत अ‍ॅम्ब्रोज यांनी चौथ्या शतकात दिला. नाबोथावर त्यांनी स्वतंत्र प्रबंधच लिहिला आणि त्यात आहाबाच्या जागी प्रत्येक हावरट धनिकाला उभे केले. पोप पॉल सहावे यांनी मालमत्तेच्या हक्काला मर्यादा असतात हे सांगताना अ‍ॅम्ब्रोज यांच्या याच प्रबंधाचा आधार घेतला. म्हणजे एकच कथा मालकाच्या रक्षणाला येते आणि मालकाच्या कानउघाडणीलाही येते. तिचे दोन्ही अर्थ ध्यानात घेऊनच आपल्या मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे.

खरेदी-विक्री आणि भूसंपादन यांत एक मूलभूत फरक आहे. विक्रीत दोन इच्छा एकत्र येतात. विकणाऱ्याला पैसा हवा असतो, घेणाऱ्याला जमीन हवी असते. दोघे राजी झाले की व्यवहार पुरा होतो आणि त्यानंतर घेणाऱ्याने त्या जागी काय करावे हा त्याचा प्रश्न. उद्या त्याने ती दुप्पट भावाने विकली तरी पहिल्या मालकाला तक्रार करता येत नाही, कारण त्याने आपल्या इच्छेने हात सोडलेला असतो. भूसंपादनात इच्छा एकाचीच असते. मालकाची इच्छा जिथे नाही तिथे तिची जागा कशाने भरून काढली जाते? सार्वजनिक हेतूने. तो हेतू आहे म्हणूनच शासनाच्या कृतीला आपण जबरी न म्हणता संपादन म्हणतो. याचा अर्थ असा की या व्यवहारात मोबदला ही किंमत नव्हे. ती एकाने सर्वांसाठी सोसलेल्या तोट्याची भरपाई आहे. शासनाच्या मालकीला खरा आधार आहे तो हेतूचा. तो आधारच नाहीसा झाला, म्हणजे शाळेसाठी घेतलेल्या जागेवर शाळा झाली नाही, कारखान्यासाठी घेतलेली जमीन वर्षानुवर्षे कुंपणात पडून राहिली, किंवा ती तिसऱ्याच कोणाच्या घशात गेली, तर शासनाची मालकी नैतिकदृष्ट्या कशाच्या आधारावर उभी राहते? आमच्या मते ती अधांतरी राहते.

आपल्या देशातील कायद्याने दीर्घकाळ याच्या उलट भूमिका घेतली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे ताबा घेताच जमीन सर्व बोज्यांपासून मुक्त होऊन संपूर्णपणे शासनाकडे निहित होत असे. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी वीजनिर्मितीच्या धरणासाठी याच कायद्याने घेतल्या गेल्या आणि १९२१ मध्ये तिथे सत्याग्रह उभा राहिला. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालू राहिला. १९७८ च्या चव्वेचाळीसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला आणि अनुच्छेद ३००-अ खाली घटनात्मक हक्क म्हणून उरला. घेतलेली जमीन वापरली गेली नाही तर काय, या प्रश्नावर १९९७ साली केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ती दुसऱ्या सार्वजनिक कामासाठी वापरावी. तशी गरज नसेल तर मूळ मालकाला विकण्याऐवजी जाहीर लिलाव करावा, म्हणजे आलेला पैसा लोकांच्या कामी येईल. या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. सार्वजनिक मालमत्ता कोणाला खिरापतीसारखी वाटली जाऊ नये, ही त्यामागची काळजी रास्त आहे. परंतु लिलावात जो सर्वांत जास्त बोली लावील त्याच्या पदरात ती जमीन पडणार. जिच्यावर हक्क सांगण्यास मूळ मालक अपात्र ठरला, तिच्यावर पैशाच्या बळावर परका माणूस पात्र ठरला. लोकहितासाठी म्हणून एकाकडून सक्तीने घेतलेली वस्तू अखेरीस दुसऱ्याच्या खाजगी लाभाला लागली, तर पहिल्याने केलेल्या त्यागाचा अर्थ काय उरला?

या ठिकाणी संत थॉमस यांचा विचार पुन्हा उपयोगी पडतो. राज्यकर्ते सार्वजनिक हिताच्या रक्षणासाठी प्रजेकडून जे देणे आहे ते वसूल करतात, तेव्हा बळ वापरले तरी ती लूट ठरत नाही. परंतु ते अन्यायाने बळजबरी करून काही हिरावून घेतील तर ती लूटच होय, आणि इतर लुटारूंप्रमाणे राज्यकर्तेही परतफेडीला बांधलेले आहेत, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. परतफेडीसंबंधी त्यांचा नियमही साधा आहे. शक्य असेल तर मूळ वस्तूच परत करावी; ते अशक्य असेल तेव्हाच तिच्या मोलाची दुसरी वस्तू द्यावी. पैशाचा क्रम दुसरा लागतो. बायबलमध्ये याचे एक सुंदर उदाहरण राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे. दुष्काळामुळे अलीशाच्या सांगण्यावरून देशाबाहेर गेलेली शूनेमची बाई सात वर्षांनी परतली आणि आपले घर व शेत मिळावे म्हणून राजाकडे गेली. राजाने तिच्यासोबत अधिकारी नेमून दिला आणि शेत तर परत करविलेच, पण ती गेल्या दिवसापासूनचे शेताचे उत्पन्नही देवविले. त्या राजाला दंडवत घालावासा वाटतो. अर्ज घेऊन आलेल्या बाईला तारखांमागून तारखा न देता त्याने सोबत माणूस धाडला!

आधुनिक काळातही अशी बूज राखली गेल्याचा दाखला आहे. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात क्रिचेल डाऊन नावाची सुमारे ७२५ एकर जमीन हवाई दलाच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी १९३८ साली सक्तीने घेण्यात आली. ती परत मूळ मालकांना देऊ करण्याचे आश्वासन युद्धकाळात, १९४१ मध्ये, पंतप्रधान चर्चिल यांनी दिले होते. युद्ध संपल्यावर ती गरज उरली नाही. पण १९५० मध्ये जमीन कृषिखात्याकडे वळविण्यात आली आणि खात्याने ती दुसऱ्यालाच कसण्यास देण्याचे ठरविले. मूळ मालकाच्या वारसांनी दाद मागितली, चौकशी झाली, आणि १९५४ साली कृषिमंत्री सर थॉमस डग्डेल यांनी राजीनामा दिला. त्या प्रकरणातून तिथे नियम तयार झाले: सक्तीने घेतलेली जमीन शासनाला नकोशी झाली तर, काही अपवाद वगळता, ती प्रथम मूळ मालकाला वा त्याच्या वारसाला चालू बाजारभावाने देऊ करावी. फुकट नव्हे, बाजारभावाने. पण प्रथम त्याला. जमिनीची वाढलेली किंमत लोकांच्या तिजोरीत जाते आणि जमिनीशी असलेले नातेही मान्य होते, असा हा मध्यममार्ग आहे.

आपल्याकडे 'भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करताना उचित भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३' हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि १८९४ चा कायदा इतिहासजमा झाला. दिलासा रक्कम ३० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर गेली. खाजगी कंपनीसाठी संपादन असेल तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची आणि शासन-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्क्यांची पूर्वसंमती आवश्यक झाली. ज्या कारणासाठी जमीन घेतली ते कारण बदलता येणार नाही, असे कलम ९९ सांगते. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन वापराविना राहिली तर ती मूळ मालकाला वा त्याच्या वारसांना परत करावी किंवा शासनाच्या भूमिपेढीत जमा करावी, असे कलम १०१ सांगते. आणि कोणताही विकास न करता ती अधिक किमतीला हस्तांतरित झाली तर वाढीव किमतीतील ४० टक्के हिस्सा मूळ धारकांना वाटून द्यावा, असे कलम १०२ सांगते. निवाड्यानंतरही मालकाचे काही उरते, हे तत्त्व आपल्या कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य केले.

पण कलम १०१ मधील 'किंवा' या शब्दावर थोडे थांबावे लागते. परत द्यावी किंवा भूमिपेढीत ठेवावी; निवड शासनाच्या हाती. मालकाला दिलेला शब्द त्याच वाक्यात मागे घेण्याची सोय झाली. दुसरा एक 'किंवा' याच कायद्याच्या कलम २४ मध्ये होता. जुन्या कायद्याखाली पाच वर्षांहून आधी निवाडा झाला असेल आणि ताबा घेतला नसेल किंवा मोबदला दिला नसेल, तर संपादन रद्द होईल, असे ते कलम वाचता येत होते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो शब्द 'आणि' या अर्थाने घ्यावा असा निर्णय दिला. ताबाही नाही आणि मोबदलाही नाही, तरच संपादन रद्द. वर्षानुवर्षे रखडलेले दावे उकरून सार्वजनिक कामे अडविली जाऊ नयेत, हा त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. तरी एक 'किंवा' तसाच राहिला आणि दुसऱ्याचा 'आणि' झाला. दोन्ही वेळा मालकाच्या पारड्यातले वजन कमी झाले, हे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

आमच्या भूमिकेवर आक्षेप घेतले जातील आणि ते घेतले जावेत. पहिला आक्षेप असा की कोणताही व्यवहार कुठेतरी संपला पाहिजे. पन्नास वर्षांनी नातवंडे येऊन जमीन मागू लागली तर राज्य चालणार कसे? दुसरा असा की मालकाने पैसे घेतले, खर्च केले. आता रस्ते-पाणी आल्यामुळे भाव शंभरपट झाल्यावर जमीन परत देणे म्हणजे समाजाच्या कष्टाचे फळ एकाच्या ओटीत टाकणे नव्हे काय? तिसरा असा की परत दिलेली जमीन पूर्वीची जमीन राहते कुठे? तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर सिंगूरने दिले आहे. पश्चिम बंगालमधील सिंगूर येथे मोटार कारखान्यासाठी २००६ साली सुमारे ९९७ एकर जमीन घेण्यात आली. आंदोलनानंतर २००८ मध्ये कारखाना गुजरातमधील साणंदला गेला. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द केले. दोन न्यायमूर्तींचे हेतूविषयी मतभेद होते. एकाने तो सार्वजनिक मानला, दुसऱ्याने नाही. परंतु शेतकऱ्यांच्या हरकतींची चौकशी नीट झाली नाही, यावर दोघांचे एकमत झाले. बारा आठवड्यांत जमीन परत करावी आणि घेतलेला मोबदला शेतकऱ्यांनी परत करण्याची गरज नाही, कारण दहा वर्षे ते उपजीविकेला मुकले, असा आदेश झाला. जमीन परत मिळाली खरी. पण दरम्यान तिच्यावर पाया, भराव आणि सिमेंट आले होते आणि सगळे शेत पुन्हा पूर्वीसारखे पिकू शकले नाही. परतफेडीला उशीर झाला की परत करायला वस्तूच शिल्लक राहत नाही. या आक्षेपातून परतफेड टाळावी असे निघत नाही. ती लवकर करावी असे निघते.

पहिल्या दोन आक्षेपांना आम्ही मान देतो आणि म्हणूनच आमची मागणी मर्यादित आहे. जिथे रस्ता झाला, धरण झाले, रुग्णालय उभे राहिले, तिथे हेतू सफल झाला. तिथे जमीन मागण्याचा हक्क संपला. जिथे हेतू बारगळला, तिथे ठराविक मुदतीच्या आत, रास्त किमतीने, सर्वांत आधी मूळ कुटुंबाला विचारले जावे. विचारले जाणे हाच या हक्काचा गाभा आहे. कुटुंबाने नको म्हटले तर शासन मोकळे. वाढलेल्या किमतीत समाजाचा वाटा आहे हे आम्हांला मान्य आहे. पण मग ती किंमत समाजालाच मिळाली पाहिजे, मध्येच एखाद्या विकासकाला नव्हे.

हेतू सफल झाला तरी सर्व नाते तुटते असेही नाही. नवी मुंबईसाठी जमिनी देणाऱ्या गावांनी हे आपल्या रक्ताने शिकविले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांना परत देण्याची योजना आली. आपल्या शेतावर शहर उभे राहते तेव्हा त्या शहरात आपल्यालाही पाय ठेवायला जागा असावी, एवढीच त्यामागची भावना. केरळातील थुंबा येथील कोळी कॅथॉलिकांची कथा वेगळ्या वळणाची आहे. अग्निबाणाच्या उड्डाणकेंद्रासाठी समुद्रकाठची जी जागा हवी होती तीत संत मेरी मॅग्दालेना यांचे चर्च होते. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले आणि बिशपांनी रविवारच्या मिस्सात लोकांपुढे प्रश्न ठेवून त्यांची संमती घेतली, असे डॉ. अब्दुल कलाम यांनी नमूद केले आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला. ते चर्च पाडले गेले नाही. आज त्या वास्तूत अंतराळ संग्रहालय आहे. घरे आणि किनारा सोडून जाण्याचे दुःख त्या लोकांना झाले नसेल असे नाही. पण त्यांना आधी विचारले गेले, जागा सांगितलेल्या कामालाच लागली, आणि ती कोणाची होती हे अजून विसरले गेलेले नाही. या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

याउलट हिमाचल प्रदेशातील एका वृद्ध, निरक्षर विधवेची जमीन १९६७ च्या सुमारास रस्त्यासाठी घेतली गेली आणि तिला मोबदलाच दिला गेला नाही. ती न्यायालयात आली तेव्हा इतकी वर्षे ताबा आमचाच आहे, म्हणून मालकीही आमचीच, असा बचाव राज्याने केला. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धुडकावला. कल्याणकारी राज्याला नागरिकाच्या जमिनीवर बळकावणाऱ्यासारखा हक्क सांगता येणार नाही, असे ठणकावून मोबदला देण्याचा आदेश दिला. पन्नासएक वर्षांनी! २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने अनुच्छेद ३००-अ मध्ये सात उपहक्क सामावलेले असल्याचे सांगितले. नोटिशीपासून उचित भरपाईपर्यंत आणि प्रक्रिया वेळेत पार पाडण्यापर्यंत. विलंब हाही अन्यायच, हे त्यातून अधोरेखित झाले.

आता अ‍ॅम्ब्रोज यांनी दाखविलेला आरसा आपल्यासमोर धरला पाहिजे. शासनाला आहाब म्हणणे सोपे आहे. परंतु मोबदल्याची रक्कम घरात येते तेव्हा आपल्या घरात काय घडते? आपल्या समाजाला सामान्यतः लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर, वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. तरीही निवाड्याची चाहूल लागताच लग्न होऊन गेलेल्या बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, हे आपल्या गावांतून सर्वांना ठाऊक आहे. बहीण प्रेमाने सोडते की भिडेने, याची चौकशी कोण करतो? कागद रीतसर असतो, साक्षीदार दोन असतात. नाबोथाच्या प्रकरणातही ते दोन होते. तसेच त्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या आदिवासी मजुराचे काय? ज्यांच्या नावावर जमीन नाही, पण तीन वर्षांपासून ज्यांची मुख्य उपजीविका त्या जमिनीवर आहे, अशा कुळांना व शेतमजुरांनाही २०१३ चा कायदा बाधित कुटुंब मानतो. सरकारी मोजणीच्या वेळी त्यांची नावे सांगण्याचे धैर्य किती मालक दाखवितात? हक्काची भाषा आपण वरच्या दिशेने बोलतो, तशीच ती खालच्या दिशेनेही बोलली पाहिजे. नाहीतर आपला न्यायाचा आग्रह हा नुसता हिशेब ठरेल.

धर्मग्रामांनाही या बाबतीत काही करता येईल. मोबदला कमी वाटत असेल तर तो लेखी हरकत नोंदवूनच स्वीकारावा लागतो. हरकतीशिवाय पैसे घेतले तर दर वाढवून मागण्याचा मार्ग बंद होतो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला अर्जासाठी सहा आठवड्यांची मुदत असते. या साध्या गोष्टी माहीत नसल्यामुळे अनेकांचे नुकसान होते आणि दलालांचे फावते. प्रत्येक बाधित धर्मग्रामात दोन-चार जाणत्या प्रापंचिकांनी निवाड्यांच्या प्रती, नकाशे आणि संपादनाचे कारण यांची नोंदवही ठेवली, तर पाच वर्षांनी ती जागा कशासाठी वापरली गेली हे विचारता येईल. वृद्ध, विधवा आणि कोर्टकचेरीला बिचकणारी माणसे यांच्यासोबत कचेरीत कोणीतरी गेले पाहिजे. शूनेमच्या बाईसोबत राजाने अधिकारी धाडला. आपल्याकडे राजा नाही, पण शेजारी आहे.

जमीन देणारा माणूस पुष्कळदा जमिनीच्या दुःखातून सावरतो. नवी वाडी घेतो, मुलांना शिकवितो, कामाला लागतो. त्याला सलत राहते ते कुंपणाआड तणात बुडालेले आपले शेत, ज्याचा कोणालाच उपयोग झाला नाही. त्याने दिलेले वाया गेले, आणि ते वाया गेले हे त्याला सांगण्याचे सौजन्यही कोणी दाखविले नाही. ज्या राज्यसंस्थेला नागरिकांचा विश्वास संपादन करावयाचा आहे, तिने निवाड्यानंतरही त्या माणसाच्या दारी पुन्हा एकदा जाण्याची तयारी ठेवली पाहिजे. काम झाले असेल तर ते दाखवायला आणि झाले नसेल तर विचारायला की, तुमचे शेत तुम्हांला परत हवे आहे काय?